चुकलेली कळ आणि फळ्यावरचे गणित

आपल्याकडे थोरांची आत्मचरित्रे वाचण्याची एक ठरलेली रीत आहे. गरिबीची पाने डोळे पुसत वाचायची, कष्टांची पाने मुलांना मोठ्याने वाचून दाखवायची, मानसन्मानांची पाने अभिमानाने उलटायची आणि मग ग्रंथ कपाटात ठेवून द्यायचा. रीत वाईट आहे असे नव्हे. थोरांविषयी आदर वाटणे हे घराच्या निरोगीपणाचेच लक्षण आहे. परंतु या रीतीमुळे ग्रंथाला जे मुळात सांगायचे असते, ते पुष्कळदा आपल्या हातून निसटते.

गेल्या पाव शतकात मराठी घरांतून आणि शाळांच्या बक्षीस समारंभांतून दोन आत्मचरित्रे हजारो मुलांच्या हाती पडली. पहिले ‘अग्निपंख’. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी अरुण तिवारी यांच्या साहाय्याने इंग्रजीत लिहिलेला हा ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि माधुरी शानभाग यांच्या अनुवादाने तो मराठीत आला. दुसरे डॉ. जयंत नारळीकर यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’, मुळात मराठीतच लिहिलेले, २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेले. कलाम २०१५ साली गेले. नारळीकर २० मे २०२५ रोजी. आज दोन्ही ग्रंथ लेखकांच्या पश्चात वाचावयाचे आहेत. ते जवळजवळ ठेवून पुन्हा वाचावेत, असे यंदा मनात आले.

मी शाळेत मराठी शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. विज्ञानाशी माझा परीक्षेचा संबंध मॅट्रिकला संपला. तेव्हा या ग्रंथांतले विज्ञान पारखण्याचा अधिकार मला नाही. मात्र एक माणूस चुकतो तेव्हा दुसरा माणूस त्याच्याशी कसा वागतो, हा कादंबरीचा जुना विषय आहे, आणि तो शाळेचाही रोजचा विषय आहे. त्या बाजूने पाहिले तर हे दोन ग्रंथ आपण समजतो त्याहून निराळे दिसू लागतात.

प्रथम ‘अग्निपंख’. या ग्रंथाचा पूर्वार्ध कोणत्याही भाषेतल्या चांगल्या आत्मचरित्राच्या पंक्तीला बसेल असा आहे. रामेश्वरमची ती वाळू, होडी बांधणारे वडील, देवळाचे मुख्य पुजारी लक्ष्मणशास्त्री आणि त्यांची या मुसलमान कुटुंबाशी असलेली मैत्री, शिक्षणाच्या पैशांसाठी स्वतःच्या सोन्याच्या बांगड्या नि साखळी गहाण टाकणारी बहीण जोहरा ही चित्रे थोड्या शब्दांत उभी राहतात. शिक्षकांची चित्रे तर विशेष पाहण्यासारखी आहेत. विज्ञानाचे शिक्षक शिवसुब्रह्मण्य अय्यर लहानग्या कलामांना घरी जेवायला नेतात. सोवळ्यातली पत्नी वाढायला नकार देते. गुरुजी स्वतः वाढतात, शेजारी बसून जेवतात आणि निघताना पुढच्या आठवड्याचे आमंत्रण देतात. दुसऱ्या खेपेला ती माउलीच त्याला स्वयंपाकघरात नेऊन वाढते. हा प्रसंग लिहिताना कलामांनी एकही विशेषण वाया घालवलेले नाही.

उत्तरार्धात मात्र ग्रंथाची वीण सैल होते. समित्या, प्रकल्प, आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या संस्था यांची गर्दी होते. सुभाषिते वारंवार येतात आणि प्रसंगाने जे आधीच सांगून टाकलेले असते तेच पुन्हा सांगतात. वरिष्ठांची चित्रे एकाच सोनेरी रंगात रंगवलेली आहेत. अग्निबाण वर का जातो, उपग्रह खाली का पडत नाही, हे कुतूहल घेऊन आलेल्या मुलाला या ग्रंथात फारसे काही मिळत नाही. हे दोष लहान नाहीत. आदरापोटी ते झाकूही नयेत.

असे असूनही या उत्तरार्धाच्या आरंभी एक प्रसंग आहे, ज्यासाठी मी हा ग्रंथ पुन्हा पुन्हा उघडतो. थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकन बनावटीचा होता. चर्च हे कार्यालय, बिशपचे घर ही कार्यशाळा आणि अग्निबाणाचे टोक सायकलच्या मागे बांधून नेणारी माणसे, असा तो काळ. पुढे विक्रम साराभाई तेथे आले असता अग्निबाणाच्या टोकाचा शंकू वेगळा करण्याची यंत्रणा त्यांना दाखवायची होती. मंडळींनी त्यांनाच कळ दाबण्याची विनंती केली. साराभाईंनी हसून कळ दाबली, आणि काहीही झाले नाही. वेळ मोजणारे मंडल बिघडले होते. ते वगळून सरळ जोडणी केली. साराभाईंनी पुन्हा कळ दाबली आणि शंकू सुटला. त्यांनी अभिनंदन केले, पण त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. रात्री जेवणानंतर कोवळम येथील मुक्कामी भेटायला या, असा निरोप कलामांना आला.

कलाम बोलणी खाण्याच्या तयारीने गेले. साराभाईंनी कुणाचीही चूक काढली नाही. त्यांनी विचारले ते असे: हे काम तुम्हाला फार सोपे, म्हणून कंटाळवाणे वाटते आहे काय? की तुमच्या कामात अशी काही अडचण आहे, जी तुमच्याही ध्यानात आलेली नाही? बोलता बोलता त्यांनी स्वतःच अडचण शोधली. अग्निबाणाचे निरनिराळे भाग आणि यंत्रणा एकत्र जुळवून पाहायला सगळ्यांना मिळून एक छप्परच नव्हते. पहाटेपर्यंत चर्चा चालली आणि त्यासाठी नवा विभाग काढण्याचे ठरले.

कादंबरीकार म्हणून मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. चूक सकाळी उघडी पडली, आणि चुकणाऱ्याला काय कमी पडले ते शोधण्यात वरिष्ठाने आपली रात्र घालवली. त्यात भाषण नाही, क्षमा केल्याचा आव नाही. देशाचे अंतराळातले नेतृत्व म्हणजे काय, हे मला या चारदोन परिच्छेदांत जितके कळले तितके स्वातंत्र्यदिनाच्या भाषणांतून कळले नाही.

याच धाटणीचा दुसरा प्रसंग कलाम पुढे अनेक भाषणांतून सांगत. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून आपला पहिला उपग्रहवाहक अग्निबाण उडाला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणात बिघाड होऊन तो ३१७ सेकंदांनी बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाचे संचालक कलाम होते. पण संस्थेचे प्रमुख सतीश धवन स्वतः वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमोर गेले आणि अपयश त्यांनी आपल्या अंगावर घेतले. १८ जुलै १९८० रोजी दुसऱ्या उड्डाणाने ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. तेव्हा मात्र धवन मागे राहिले आणि पत्रकारांना सामोरे जायला त्यांनी कलामांना पुढे पाठवले.

आपण या ग्रंथातून मुलांना काय सांगतो? कलाम वर्तमानपत्रे वाटत होते, तूही कष्ट कर. गणिताचे रामकृष्ण अय्यर यांनी छडी मारली आणि पुढे पैकीच्या पैकी गुण पडल्यावर, मी ज्याला मारतो तो मोठा होतो, असे साऱ्या शाळेला सांगितले, ही गोष्ट आपले पालक चवीने सांगतात. कोवळमच्या रात्रीची गोष्ट कोणी सांगत नाही. छडीची गोष्ट सांगायला सोपी असते. तिच्यात मोठ्यांना बदलावे लागत नाही.

आता नारळीकर. ‘चार नगरांतले माझे विश्व’ याची प्रकृती अगदी वेगळी. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. येथे अश्रू नाहीत, सुभाषिते नाहीत. लेखक आपल्याच आयुष्याकडे वेधशाळेतून पाहावे तसा अंतर ठेवून पाहतो. या संयमाचे मराठी आत्मचरित्रात मोल आहे, कारण आपल्याकडे या वाङ्मयप्रकारात गळा काढणारे आणि गळा पकडणारे असे दोनच पंथ फोफावले. पण संयमाची किंमतही ग्रंथाला द्यावी लागली आहे. प्रवास, परिषदा, भेटीगाठी यांच्या तपशिलांनी तो जाडजूड झाला आहे, आणि जिथे मन उघडावे अशी वाचकाची अपेक्षा असते तिथे लेखक पुढच्या गाडीचे वेळापत्रक सांगू लागतो. जगातले बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेल्यावरही नारळीकर फ्रेड हॉइल यांच्याबरोबर अल्पमतात उभे राहिले. त्या एकटेपणाची आच लागेल म्हणून मी वाट पाहत राहिलो. युक्तिवाद लागला, आच फारशी लागली नाही.

बनारसची पाने मात्र रसरशीत आहेत. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. आई संस्कृतच्या जाणकार. मुलांना लिहायला घराच्या भिंतीवर फळे केलेले. तिथे शिकायला आलेले मोरूमामा हुजूरबाजार एक दिवस त्या फळ्यावर गणिताचे कोडे लिहितात आणि ते जयंतासाठी आव्हान आहे असे वर नोंदवतात. कोडे सुटेपर्यंत, किंवा मुलगा आपणहून हार मानेपर्यंत, ते फळ्यावर तसेच राहायचे. मग नवे. या कोड्यांना गुण नव्हते, घड्याळ नव्हते, शेजारच्या मुलाशी तुलना नव्हती. येता जाता, जेवताना, झोपी जाताना ते कोडे त्या मुलाच्या नजरेसमोर असे.

हे वाचले की ‘अग्निपंख’मधले मद्रासचे प्राध्यापक श्रीनिवासन आठवतात. त्यांनी विद्यार्थी कलामांना विमानाचा आराखडा तीन दिवसांत पुरा कर, नाहीतर शिष्यवृत्ती बंद, असे बजावले. आराखडा पुरा झाला आणि गुरुजी प्रसन्न झाले. दोन्ही पद्धतींनी मोठी माणसे घडली, हे मान्य करायला हवे. पण पहिली पद्धत नव्याण्णव मुलांना चालेल. दुसरीला कलाम लागतात. आणि आपल्या शाळांनी, बहुतेक सगळ्यांनी, दुसरी उचलली आहे.

नारळीकरांनी मामाचा फळा विसरला नाही, असे त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहून म्हणावेसे वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपण नावाने पाठवली. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटून केलेले ते नाव, हस्ताक्षरही पत्नीचे. कथेला नावाच्या वजनावाचून पारखले जावे, एवढाच त्यांचा हेतू होता. कथेला पहिले बक्षीस मिळाले. मुले सही मागायला येत तेव्हा ते म्हणत, सही देत नाही. कार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देईन. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’चे पहिले संचालक म्हणून त्यांनी भारतातल्या कोणत्याही विद्यापीठाच्या अध्यापकाला तिथे येऊन काम करता यावे अशी वाट करून दिली. त्याच आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून शाळकरी मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’: सप्तर्षींतला एक तारा, आणि आरंभीच्या दोन अक्षरांत आपले पु. ल. तिथे अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुन्या चपला असल्या टाकाऊ वस्तूंतून हजारो मुलांकडून विज्ञानाची खेळणी करवून घेतली.

या ठिकाणी दोन ग्रंथांच्या वाटा एकमेकींना मिळतात. अग्निबाण उडवणारा नेता आणि मुलांना शिकवणारा नेता हे दोन वेगळे प्राणी आहेत, असा आपला समज आहे. साराभाईंकडे पाहा. थुंब्याची उभारणी चालू असतानाच त्यांनी अहमदाबादेत शाळकरी मुलांना स्वतःच्या हाताने प्रयोग करता यावेत म्हणून सामुदायिक विज्ञान केंद्र काढले. तिथे १९६८ साली सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आकाश निळे का दिसते या विषयावर मुलांसमोर व्याख्यान दिले. उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यात शिक्षण न्यावे हे साराभाईंचे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर १९७५-७६ साली सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत वर्षभर अमलात आले. त्यात सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम होते आणि सुट्टीत शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे पाठ होते. नारळीकरांच्या बाजूनेही हात पुढे आला. २००१ आणि २००५ साली इस्रोच्या साहाय्याने फुगे उंच आकाशात सोडून तिथल्या हवेतल्या सूक्ष्म जीवांचा शोध घेण्यात आला. त्यात सापडलेल्या एका नव्या जीवाणूला हॉइल यांचे नाव दिले, एकाला इस्रोचे, एकाला आर्यभटाचे.

आता शाळेकडे वळतो, कारण या साऱ्याची कसोटी तिथेच लागते. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार फुटांवर असलेल्या एका शाळेत मी काही वर्षे होतो. नववीतल्या एका मुलीचे जर्नल माझ्या पाहण्यात आले. पाणी किती अंशांना उकळते हा प्रयोग होता. तिने ९६ लिहिले होते. त्यावर तांबडी फुली आणि शेजारी तांबड्याच शाईने १००. वर्गातल्या बाकी सगळ्यांनी १०० लिहिले होते. मुलीने ते पान फाडले, नवे लिहिले आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

त्या मुलीने पाहिले होते ते बरोबर होते. पुस्तकातले १०० हे समुद्रकाठचे. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते. चार हजार फुटांवर ते ९६ अंशांच्या आसपासच उकळायला हवे. आणि गंमत अशी, की तिच्या त्या ९६ पासून अंतराळाकडे सरळ वाट जाते. असेच वर वर गेलो तर सुमारे १९ किलोमीटरांवर आपल्या अंगात असते तेवढ्या उष्णतेलाच पाणी उकळू लागते. म्हणून तर अंतराळवीराला दाब राखणारा पोशाख लागतो. २०२५ साली शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात जाऊन आले तेव्हा आम्ही शाळेत त्यांची चित्रे लावली. त्यांच्या पोशाखाचे मर्म एका मुलीच्या फाडलेल्या पानात होते, ते मात्र केराच्या टोपलीत गेले.

यावर कोणी म्हणेल, गुरुजींची चूक! मला तसे म्हणवत नाही. साठ मुलांचा वर्ग, दोन थर्मामीटर, त्यातला एक फुटका. अभ्यासक्रम तारखेला संपला पाहिजे, जर्नले तारखेला तपासलेली दिसली पाहिजेत. ९६ का आले, हे शोधायला लागणारी अर्धी घटका त्यांच्या वेळापत्रकात कुठेच नव्हती. साराभाईंनी कलामांना विचारलेला प्रश्न त्या गुरुजींना कोणी कधी विचारला असेल काय? तुमच्या कामात अशी काही अडचण आहे काय, जी तुमच्याही ध्यानात आलेली नाही? वरून येतात त्या परिपत्रकांत अहवाल मागितलेले असतात. हा प्रश्न त्यांत मी पाहिलेला नाही. ज्याची चूक कोणी समजून घेत नाही, तो दुसऱ्याची चूक कशी समजून घेणार? फुली वरून खाली उतरत येते आणि शेवटी जिच्या खाली कोणी नाही अशा मुलीच्या वहीवर बसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अग्निबाणाच्या कामात चूक म्हणजे कोट्यवधींचा चुराडा. तिथे चुकांचे लाड कसे चालतील? आक्षेप खरा आहे, आणि उत्तर त्याच क्षेत्रात आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे विक्रम हे अवतरक चंद्रावर उतरता उतरता कोसळले. पुढच्या खेपेला इस्रोच्या मंडळींनी आराखडा करताना काय काय बिघडू शकेल याचाच आधी विचार केला आणि प्रत्येक बिघाडात यान कसे सावरेल ते पाहिले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरले. चुकीचे लाड त्यांनी केले नाहीत. तिचा पाठपुरावा केला. आमच्या शाळेत चुकीवर फुली पडते आणि तिथेच विषय संपतो. दोन्हींत कडक कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

त्या संध्याकाळी घराघरांतून मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो. शाळांतून प्रभातफेऱ्या निघतात, पुठ्ठ्याचे अग्निबाण होतात, वक्तृत्वस्पर्धांत ‘अग्निपंख’मधली वाक्ये घुमतात. याला माझी ना नाही. फक्त त्या दिवशी एखाद्या अधिकाऱ्याने एखाद्या शाळेत जाऊन दोन थर्मामीटरांची चौकशी केली, तर साराभाईंचे स्मरण अधिक चांगले होईल.

राहता राहिला प्रश्न ग्रंथांचा. वाङ्मय म्हणून तोलायचे तर ‘अग्निपंख’चा पूर्वार्ध टिकेल, उत्तरार्ध संदर्भापुरता उरेल. नारळीकरांच्या ग्रंथातली बनारसची पाने मराठीतल्या बालपणाच्या उत्तम लेखनात गणली जातील. बाकीचा ग्रंथ मराठी माणसाने जागतिक विज्ञानात कसे वावरावे याचा प्रामाणिक दस्तऐवज म्हणून मोलाचा ठरेल. ज्या घरी हे ग्रंथ कपाटात आहेत, तिथे फराळाची ताटे उचलून झाल्यावर कोणीतरी ते खाली काढावेत. मुलांना वाचून दाखवायची पाने पुष्कळ आहेत. कोवळमची ती रात्र आणि मोरूमामांचा तो फळा ही पाने मात्र आधी मोठ्यांनी, मुले झोपल्यावर, आपल्यासाठी म्हणून वाचावीत.